बाजार खिशात आला, तराजू तोच राहिला

(इस्लापूर येथे बचत गटांतील भगिनी व तरुणांसाठी घेतलेल्या शिबिरातील भाषण)

 

आजचा विषय आहे, छोट्या धंद्यासाठी सोशल मीडिया कोणता निवडावा आणि कसा वापरावा. भक्तीच्या कामात हा विषय कशाला, असे कुणाला वाटेल. पवित्र शास्त्रात फिलिप्पै नगरातील लुदियाबाई भेटते. ती जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करीत होती. पौल स्वतः तंबू बनवून पोट भरत असे. प्रामाणिक धंदा देवाला परका नाही. आणि आपल्या पाड्यांवर चारोळी, मध, सीताफळ, बांबूची टोपली यांचा भाव बहुतेक वेळा घेणाराच ठरवतो. विकणाऱ्या बाईने आपला भाव स्वतः सांगावा, एवढ्यासाठी हा विषय मी महत्त्वाचा मानतो.

पहिली गोष्ट. "फेसबुक चांगले की इन्स्टाग्राम?" हा प्रश्न आधी विचारू नका. आधी विचारा, माझे गिऱ्हाईक कोण आणि ते कुठे आहे? आठवडी बाजारात आपण पाल कुठेही ठोकत नाही. जिथून लोक जातात तिथेच बसतो. इथेही तसेच आहे.

समजा, तुम्ही शिलाईकाम करता किंवा कोंबड्या-अंडी विकता. तुमचे गिऱ्हाईक इस्लापूर आणि आसपासच्या गावांतले आहे. तुम्हाला व्हॉट्सॲप पुरे. त्यातही 'व्हॉट्सॲप बिझनेस' हे वेगळे ॲप फुकट मिळते. त्यात दुकानाचे नाव, वेळ आणि मालाचे फोटो भावासकट लावता येतात. रोज सकाळी एक स्टेटस ठेवा. ते २४ तास दिसते. अनेकांना एकदम निरोप पाठवायचा तर ब्रॉडकास्ट यादी करा, पण तो निरोप ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच पोचतो. म्हणून माल देताना गिऱ्हाइकाला सांगा, "ताई, माझा नंबर नावासकट ठेवा."

समजा, तुम्ही पावसाळ्यात सहस्रकुंडावर भजी, कणीस, चहा विकता. धबधबा पाहायला येणारा माणूस नांदेडकडून किंवा पैनगंगेपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यातून येतो. त्याला तुमचे स्टेटस दिसणार नाही. तो रस्ता पाहायला गूगल मॅप उघडतो. म्हणून तुमची पहिली जागा गूगल मॅपवर. तिथे दुकानाची नोंद फुकट होते. गूगल पडताळणी करते आणि मग नाव, फोटो, फोन नंबर दिसू लागतो. खाऊन खूष झालेल्याला दोन ओळी लिहायला सांगा.

आणि समजा, तुमच्या गटाला चारोळी किंवा मध पुणे-हैदराबादला पाठवायचा आहे. तिथे फेसबुक आणि इन्स्टाग्राम कामाला येतात. पण फोटो टाकण्याआधी माल तयार हवा. खाण्याच्या वस्तूला अन्नसुरक्षेची, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी लागते. तिचा १४ आकडी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. वजन, पॅकिंगची तारीख, गटाचा पत्ताही हवा. पोस्टाने पार्सल पाठवायला किती खर्च येतो तो आधी विचारून भावात धरा. नाहीतर ऑर्डर येतील आणि गाठीचे पैसे जातील.

यूट्यूब मी शेवटी सांगतो, कारण त्याला चिकाटी लागते. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील सारोळा कासार गावच्या सुमन धामणे यांनी वयाच्या सत्तरीत, २०२० मध्ये, नातवाच्या मदतीने 'आपली आजी' हे चॅनल सुरू केले. स्वयंपाक आपला, बोली आपली, चूल आपली. लोकांना तेच आवडले आणि त्यांच्या घरच्या मसाल्यांना मागणी आली. शहरी बोलण्याची नक्कल करायची गरज नाही, हे त्यांच्याकडून शिकावे. त्याच वर्षी त्यांचे चॅनल कुणीतरी हॅक केले होते. काही दिवसांनी ते परत मिळाले. म्हणून 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' आजच, इथून उठण्याआधी चालू करा. शिबिरातली मुले मदत करतील.

दुसरी गोष्ट. सोशल मीडिया ही भाड्याची जागा आहे. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली. खेड्यापाड्यांतल्या अनेकांनी तिथे जमवलेले लोक एका रात्रीत गेले. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम तिन्ही जगभर काही तास बंद पडले. म्हणून एक साधी वही ठेवा. गिऱ्हाइकाचे नाव, गाव, फोन, काय घेतले, पैसे आले की नाही. मोबाईल पाण्यात पडला तरी वही राहते. वाळूवर घर बांधू नये, ही शिकवण धंद्यालाही लागू आहे.

तिसरी गोष्ट सावधपणाची. पैसे घेताना पिन टाकावा लागत नाही. पिन फक्त पैसे देताना लागतो. "पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा, पिन टाका," असे कुणी म्हटले की फोन ठेवा. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० या नंबरवर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे कठीण. आणि भगिनींनो, स्वतःचा घरचा नंबर फेसबुकवर टाकू नका. रात्री-अपरात्री नको ते फोन येतात, मग घरचे म्हणतात मोबाईलच बंद कर, आणि धंदा तिथेच थांबतो. गटासाठी वेगळे सिम घ्या. ते कुणी, किती वेळ सांभाळायचे हे बैठकीत ठरवून इतिवृत्तात लिहा.

शेवटची गोष्ट माझ्या मनाच्या सगळ्यांत जवळची. आपल्याकडे फोटो काढणारे पुष्कळ येतात. फाटका सदरा, नाकातला शेंबूड, गळके छप्पर यांचे फोटो लवकर पसरतात. तुम्ही तुमच्या मालाबरोबर तसे फोटो लावू नका. दया आली म्हणून घेणारा एकदाच घेतो. माल चांगला म्हणून घेणारा परत येतो. टोपली विणणाऱ्या हातांचा फोटो लावा, त्या बाईला विचारून लावा. मुलांचे चेहरे धंद्यासाठी वापरू नका. आम्हा संस्थेच्या लोकांनाही हाच नियम लागू आहे, आणि तो आम्ही मोडला तर तुम्ही आम्हाला टोकावे.

मधात साखरेचा पाक नाही असे लिहिले तर तो नसावाच. एक किलो लिहिले तर एक किलोच भरावे. खोट्या तराजूचा देवाला वीट आहे, हे शास्त्रवचन मोबाईलच्या बाजारालाही लागू पडते. इथे फसलेला माणूस एकटा गप्प बसत नाही, चार गटांत लिहून टाकतो.

आज घरी जाऊन सगळे करू नका. एकच जागा निवडा. तीन महिने तिथेच टिका. पाड्यावर रेंज नसेल तर आठवड्यातून एकदा बाजाराला याल तेव्हा फोटो टाका, पण ठरलेल्या दिवशी टाका. तीन महिन्यांनी वही घेऊन या. किती लोकांनी अंगठा दाखवला ते मी विचारणार नाही. किती माल, कोणत्या भावाने विकला, आणि भाव कुणी सांगितला, एवढेच आपण वाचून पाहू.

प्रभू तुमच्या हातांच्या कामाला यश देवो. जय ख्रिस्त. जय सेवा.