हरवलेले माणूस

गेल्या महिन्यात तास संपल्यावर माझा एक विद्यार्थी घुटमळत मागे राहिला. म्हणाला, "सर, एका मुलीत इतका गुंतलोय, की मी आधी कोण होतो तेच आठवत नाही. ती हो म्हणेल की नाही, कुणास ठाऊक!"

वर्गात प्रेमकविता शिकवणाऱ्याला याचे उत्तर सहज सुचावे, असे तुम्हांला वाटेल. पण मी गप्पच झालो. विशीत मीही त्या वाटेने गेलो होतो. तिला आवडेल ते वाचायचे, तिला पटेल ते बोलायचे. वाट संपली तेव्हा ती तर नव्हतीच, पण मीही माझ्या हाती उरलो नव्हतो!

मग मी त्याच्या हाती 'कुसुमानिल' ठेवले. कवी अनिल, म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे, आणि कुसुम जयवंत यांची ही पत्रे. ती लिहिली गेली १९२२ ते १९२७ या काळात. पुस्तक निघाले १९७२ साली. पुढे कुसुमताई शिकायला लंडनला गेल्या. त्या काळी सातासमुद्रापलीकडचे माणूस पत्रापुरतेच उरायचे. खात्री कसली असणार? पण प्रेमापायी त्यांनी अभ्यास सोडला नाही, अन् अभ्यासापायी प्रेमही सोडले नाही. १९२९ साली दोघांचा विवाह झाला.

आणि लग्नानंतर? अनिल मुक्तछंदाचे कवी म्हणून गाजले. कुसुमावती नागपुरात इंग्रजीच्या प्राध्यापिका झाल्या. त्यांनी 'दीपकळी'तल्या कथा लिहिल्या, 'पासंग'मधली समीक्षा लिहिली. १९५८ साली मालवणच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष अनिल होते, तर १९६१ साली ग्वाल्हेरच्या संमेलनाच्या अध्यक्ष कुसुमावती. त्या पदावर बसलेल्या त्या पहिल्या स्त्री. घर एकच, पण त्यात माणसे दोन राहिली.

आठ दिवसांनी विद्यार्थ्याने पुस्तक परत आणले. म्हणाला, "सर, सकाळचा तबल्याचा रियाज पुन्हा सुरू केलाय. आणि तिला पत्रही लिहिलंय." उत्तर आले का, हे मी विचारले नाही. ते काहीही आले, तरी ते वाचायला आता घरात कोणीतरी होते.

तुम्हीही अशा वाटेवर असाल, तर जरूर पुढे जा. फक्त या प्रेमापायी आपण काय बंद केले, तेवढे एकदा आठवून पाहा. मी कविता लिहिणे बंद केले होते. परवा रात्री ती जुनी वही माळ्यावरून काढली आहे.