लक्ष्मीबाई टिळक : आजीने लिहून ठेवलेला विश्वास
(मारेगाव येथे भगिनी मेळाव्यात केलेले भाषण)



‘विश्वासू आजी’ या विषयावर बोलायला मला सांगितलं आहे. पौल तीमथ्याला दुसरं पत्र लिहितो, तेव्हा त्याची आई युनीके हिच्याआधी आजी लोईस हिचं नाव घेतो. लोईसबद्दल आपल्याला एवढंच ठाऊक आहे. तिला काय जड गेलं, ती कुठे चुकली, काही नाही. मराठी मंडळीचं भाग्य असं की, आपल्या एका आजीने सगळं लिहून ठेवलं, चुकांसकट. त्या म्हणजे लक्ष्मीबाई टिळक.

पण आधी माझ्या आजीचं सांगते. ती निरक्षर होती. पवित्र शास्त्राचे अध्याय ऐकून ऐकून पाठ झालेले. रोज स्वयंपाकाला बसताना ज्वारीची एक मूठ मडक्यात टाकायची, ती रविवारी देवाची. घरात उपाशी दिवस असले तरी त्या मडक्याला हात लागत नसे. आम्हा नातवंडांना ती एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगे. ती लहान असताना पाटलाच्या वाड्यावर पाणी मागितलं की वरून ओंजळीत ओतत, भांडं लावू देत नसत. “म्हणून बाई, प्रभूच्या मेजावर एकाच प्याल्याला तोंड लागलं, तेव्हा मी रडले,” असं ती म्हणे.

त्या आजीची मी नात. आणि दोन वर्षांपूर्वी एका कोलाम पोडावर मी काय केलं ते ऐका.

आमच्या अभ्यासवर्गाला येणारा एक मुलगा येईनासा झाला होता. आईबाप कापूस वेचायला बाहेरगावी, घरी आजी. विचारायला गेले. म्हातारीने तांब्या भरून आणला. मी पिशवीतली बाटली दाखवून म्हटलं, “आहे माझ्याजवळ, आजी.” पोट बिघडतं, उन्हाचे दिवस, अशी कारणं मनात तयारच होती. तिने तांब्या मुकाट्याने आत नेला. मुलगा का येत नाही, तेही तिने त्या दिवशी सांगितलं नाही.

घरी आल्यावर मला माझी आजी आठवली नाही, हे खरं. आठवल्या त्या लक्ष्मीबाई, कारण तेव्हा माझं ‘स्मृतिचित्रे’चं वाचन चाललं होतं.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळ जलालपूरचा. चित्पावन ब्राह्मण घर. वडिलांचं सोवळं इतकं कडक की घरच्यांचा जीव मेटाकुटीला यावा. लहानपणीच त्या नारायण वामन टिळकांच्या घरी आल्या. शाळा नाही. लिहिणं-वाचणं जे आलं ते लग्नानंतर, तेही अडखळत. जोडाक्षरांशी त्यांचं कधी नीट जमलं नाही. १० फेब्रुवारी १८९५ ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि या बाईचं आभाळ फाटलं. नवरा जिवंत, पण परका झालेला. पुढे त्या नगरला त्यांच्याजवळ राहायला आल्या, तरी चूल वेगळी, पाणी वेगळं.

आपण साक्षी ऐकतो त्यात माणूस एका रात्रीत पालटतो. लक्ष्मीबाईंना पाच वर्षं लागली. मला त्यांचा मोठेपणा इथेच वाटतो. नवऱ्याने सांगितलं म्हणून त्यांनी काही सोडलं नाही. स्वतःशी विचार केला: देवाने माणसं केली, मग जाती कोणी केल्या? माणसांनीच. एकदा हे पटल्यावर कोणाच्याही हातचं खायचं-प्यायचं त्यांनी ठरवलं. हा निश्चय बाप्तिस्म्याच्या आधीचा आहे, हे लक्षात घ्या. बाप्तिस्मा १९०० साली झाला. आपल्याकडे पुष्कळदा उलट होतं. बाप्तिस्मा होऊन तीन पिढ्या जातात आणि पाण्याचा तांब्या तिथेच अडलेला असतो.

त्यानंतर दुष्काळातली अनाथ पोरं त्यांच्या घरात वाढली. १९१९ साली टिळक वारले. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचं काव्य साडेदहा अध्यायांवर थांबलेलं होतं. शाळेत न गेलेल्या या बाईने त्यापुढे चौसष्ट अध्याय रचले! मुलगा देवदत्त वडिलांचं चरित्र लिहिणार होता, म्हणून त्याने आईला आठवणी लिहून द्यायला सांगितल्या. त्यातून १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’ भागाभागांनी बाहेर आलं. २४ फेब्रुवारी १९३६ ला त्या गेल्या. पुढे नातू अशोक टिळक यांनी आजीचं ते पुस्तक संपादून नव्याने वाचकांच्या हाती दिलं. सोवळ्याचा हट्ट, नवऱ्याशी भांडणं, स्वतःची फजिती, काही तिने लपवलं नव्हतं. नातवापर्यंत पोचलं ते हे सगळं.

मी पुन्हा पोडावर गेले. या वेळी पाणी मागून घेतलं. म्हातारी बघत राहिली, मग बोलली, “पोरगं म्हन्ते, मी माठाले हात लावला तं बाकीचे लेकरं पानी फेकून देतात.”

माठ आमच्या वर्गातला. वर्ग मी चालवते. रोज तिथे असते आणि मला दिसलं नव्हतं. पाणी फेकणाऱ्या मुलांत आपल्या मंडळीच्या घरची मुलं होती. त्यांना रागावून भागणार नव्हतं, कारण माझ्या पिशवीतली बाटली त्यांनी रोज पाहिलेली होती. मुलांसमोर मी हे सांगितलं. बाटली आता घरी राहते. माठ भरायची पाळी सर्वांची, पोडावरच्या मुलांचीही. मुलगा परत आला, आठ दिवस बसला, मग वेचणी सुरू झाली आणि पुन्हा दिसेनासा झाला. मला परत जावं लागणार आहे.

पुढच्या महिन्यातला आपला मेळावा त्याच पोडाच्या चावडीत ठेवला आहे. भगिनींनो, डबे आणू नका. स्वयंपाक तिथल्या बायका करणार आहेत.