सांधा आधी, रूळ नंतर

फौजेतून निवृत्त झाल्यावर मी मध्य प्रदेशात महूला स्थायिक झालो. घराच्या मागच्या खोलीत माझी छोटी रेल्वे आहे. आज तिच्या रुळांविषयी आणि सांध्यांविषयी बोलतो, कारण त्यांची निवड चुकल्यामुळे मी नातीच्या दोन सुट्ट्या वाया घालवल्या. तुमच्या तरी जाऊ नयेत.

नात बंगळुरूला असते. मे महिन्यात पंधरा दिवस येते. ती आठ वर्षांची असताना मी हौसेनं आठ बाय चारच्या प्लायवर रेल्वे मांडली. कुणाकडचे तरी जुने पितळी रूळ स्वस्तात घेतले. जागा वाचावी म्हणून अकरा सांधे घेतले, तेही सगळ्यात छोटे. गाडी सुरू झाली आणि पहिल्याच सांध्यावर इंजिन थांबलं. नातीनं बोटानं ढकललं. पुढच्या सांध्यावर पुन्हा तेच. दोन दिवसांनी ती म्हणाली, "आबा, ही गाडी चालते की आपण चालवतो?" पुढच्या वर्षी ती त्या खोलीत फारशी आलीच नाही. मी आपला सोल्डरिंग घेऊन बसलेलो.

कॅप्टन असताना एकदा आमची मिलिटरी स्पेशल एका जंक्शनबाहेर रात्री तीन तास उभी होती. मैलोगणती रूळ ठणठणीत होते, अडलं होतं ते एका सांध्यावर. हे पाहिलेलं असूनही घरी मी तीच चूक केली. म्हणून पहिली गोष्ट सांगतो: पैसे कमी असतील तर सांध्यांची संख्या कमी करा, दर्जा नको.

आता क्रमानं घेऊ. आधी रेकी, मग कूच. तुमचा सगळ्यात लांब डबा कोणता, ते ठरवा. एचओ मापात, म्हणजे 1:87 मध्ये, आपला एलएचबी डबा साधारण 27 सेंटिमीटर होतो आणि जुना आयसीएफ साडेचोवीस. वळणाची त्रिज्या डब्याच्या अडीचपट असेल तर गाडी सहसा रुळावर राहते. तिप्पट असेल तर दिसतेही बरी. म्हणजे एलएचबीला 67 ते 81 सेंटिमीटर हवेत. माझं पहिलं वळण होतं 46 सेंटिमीटरचं! डबे पडणारच.

मग रुळाचा धातू. पितळावर जो थर चढतो, तो वीज नीट जाऊ देत नाही, त्यामुळे सारखं घासत बसावं लागतं. निकेल सिल्व्हर घ्या. नावात चांदी आहे, पण असतं तांबं, निकेल आणि जस्त. यावरही थर चढतो, पण इतका त्रास देत नाही.

रुळाची उंची 'कोड'नं सांगतात. कोड 100 म्हणजे इंचाचे 100 सहस्रांश, अडीच मिलिमीटर. कोड 75 सुमारे 1.9 मिलिमीटर. तो खऱ्या रुळासारखा नाजूक दिसतो, पण जुन्या गाड्यांच्या चाकांची कड खोल असते, ती त्यावर खालच्या भागाला घासू शकते. पहिल्या मांडणीला कोड 100 बरा. लवचीक रूळ सुमारे 91 सेंटिमीटरच्या लांबीत मिळतात. सांधे कमी येतात, वळण हवं तसं बसतं. फक्त जोडांवर बारीक फट ठेवा. आमच्याकडे जानेवारीची थंडी आणि मेचं ऊन यांत तीन मीटर रूळ मिलिमीटर-दीड मिलिमीटर वाढतो. आणि वीज जोडपट्टीच्या भरवशावर सोडू नका. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र वायर द्या.

आता मुख्य मुद्दा, सांधा. पेकोचे कोड 100 चे साधे सांधे तीन त्रिज्यांत येतात: 24, 36 आणि 60 इंच. तिन्हींचा कोन 12 अंशच आहे. छोट्याची लांबी 185 मिलिमीटर, मोठ्याची 258. फरक जेमतेम सव्वासात सेंटिमीटरचा! एवढ्यासाठी मी लांब डब्यांना आखूड वळणात कोंबत होतो. मुख्य मार्गावर मोठा किंवा मधला घ्या, छोटा फक्त मालधक्क्यावर.

दुसरं, जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात तो भाग. छंदातली मंडळी त्याला फ्रॉग म्हणतात. तो प्लास्टिकचा असेल तर तेवढ्या जागेत वीज नसते. लांब इंजिन निभावून नेतं, पण चार-सहा चाकांचं छोटं शंटर हळू जाताना तिथेच बसतं. माझं तेच झालं. धातूचा, वीज असलेला फ्रॉग घ्या. त्यासाठी एक जादा स्विच लागतो, कारण सांधा फिरला की फ्रॉगची वीजही दुसऱ्या रुळाची व्हावी लागते. एक संध्याकाळ जाते वायरिंगमध्ये, पण नंतरची कटकट मिटते.

बसवण्यापूर्वी प्रत्येक सांध्यातून सगळ्यात लांब डबा आणि सगळ्यात छोटं इंजिन हातानं पुढे-मागे न्या. जोडावरून बोट फिरवा; बोटाला लागलं तर चाकालाही लागणार. आणि हलणाऱ्या पात्यांखाली गोंद लावू नका.

मी सगळं उखडलं. आता बारा बाय दहाच्या खोलीत भिंतींलगत फळ्या आहेत. सांधे अकराचे सात झाले. या मेमध्ये नातीनं शंटर मुंगीच्या चालीनं सातही सांध्यांवरून नेलं. हात मागे बांधून उभी होती. मग म्हणाली, "आबा, आता स्टेशन कुठे करायचं?"

ती अकरा वर्षांची झाली. अशा सुट्ट्या आता मोजक्याच. त्या दुरुस्तीत घालवू नका, एवढंच सांगायला आलो होतो. जय हिंद.