कांदा-लसणावाचून स्वयंपाक

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



यंदा स्वयंपाकावर चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी मला महिन्यापूर्वीच सांगून ठेवले होते. मी सातवीपर्यंत शिकलेली. भाषण म्हटले की हातपाय गार पडतात. पण विषय चुलीजवळचा, आणि चुलीजवळ मी वीस-बावीस वर्षे उभी आहे, म्हणून हो म्हटले.

कांदा-लसूण नसलेला स्वयंपाक हाच विषय मी का घेतला, ते आधी सांगते. आपली श्रावणातली पंगत तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. गेली दोन वर्षे तिथे दोन पातेली चढतात, एक कांद्याचे आणि एक बिनकांद्याचे. हेतू चांगलाच होता. कोणाची अडचण होऊ नये. पण झाले काय? दोन पातेली झाली की दोन पंगती होतात, आणि दोन पंगती झाल्या की कोण कुठल्या बाजूला बसले इकडे डोळे जातात. पाड्यावरच्या बाया आपोआप एका टोकाला सरकल्या, हे मी पाहिले आणि तुम्हीही पाहिले. त्यांना तसे कोणी म्हटले नव्हते. पण म्हणावे लागतेच असे नाही. तेव्हा माझे म्हणणे एवढेच की, यंदा पातेले एकच चढवावे, बिनकांद्याचे, आणि ते असे रांधावे की कांदा खाणारीने दुसऱ्यांदा मागून घ्यावे.

आता कांदा न खाणारे सगळे एकाच कारणाने खात नाहीत, हे रांधणारीने नीट समजून घेतले पाहिजे. उपास वेगळा, चातुर्मास वेगळा, जैनांचा नेम वेगळा. उपासाला धान्य चालत नाही, हळद, हिंग, मोहरी चालत नाही, पण बटाटा-रताळे चालते. चातुर्मासाला धान्य, डाळी, हिंग सगळे चालते. कांदा, लसूण आणि वांगे तेवढे बंद. जैन भगिनींना जमिनीखालचे काहीच चालत नाही. म्हणजे बटाटा, रताळे, गाजर, मुळा, सुरण नाही आणि ओले आलेही नाही. सुंठ मात्र चालते, हळदीची पूडही चालते. शिवाय पावसाच्या चार महिन्यांत नेम पाळणाऱ्या घरी पालेभाजी वर्ज्य असते, आणि जेवण सूर्य मावळायच्या आत उरकावे लागते. एकीच्या नेमाचा पदार्थ दुसरीच्या पानात वाढून "यात कांदा नाही हो, खा" म्हटले, तर ती बिचारी नुसता भात खाऊन उठते.

चातुर्मासाचा नेम आषाढी एकादशीला सुरू होतो आणि कार्तिकीला सुटतो. त्याआधीची आषाढ शुद्ध नवमी म्हणजे कांदेनवमी. त्या दिवशी कांदाभजी, कांद्याचे थालीपीठ, कांद्याची पीठ पेरून भाजी, असा घरातला कांदा मनसोक्त खाऊन संपवावयाचा. धर्माचे धर्म जाणे, पण मला यात घरच्या कारभाराचे शहाणपणही दिसते. उन्हाळी कांदा चैत्र-वैशाखात निघतो, तो चाळीत भरून ठेवतात. पावसाळी हवेत तो सडतो, त्याला कोंब फुटतात. नवा खरिपाचा कांदा बाजारात यायला ऑक्टोबर उजाडतो. मधल्या दिवसांत भाव चढतो. २०१९च्या डिसेंबरात शहरांतून कांदा किलोला शंभराच्या वर गेला होता, ते आपण विसरलो नाही. ज्या घरात कांद्यावाचून आमटी करता येते, त्या घराला अशा वेळी घाम फुटत नाही.

पण एक गोष्ट स्पष्ट बोलते. कांदा सोडला म्हणजे आपण इतरांपेक्षा वरचढ झालो, असे कोणी मानू नये. आपल्याच महाराष्ट्रात चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याचे भरीत, भाकरी आणि कांद्याची पात यांचा नैवेद्य असतो. देवाला जो चालतो तो माणसाला विटाळ कसा? अरणच्या सावता माळ्यांनी तर आपल्या भाजीच्या मळ्यातच विठ्ठल पाहिला, आणि त्या मळ्यात कांदाही होताच. उलटेही पाहा. काश्मिरातले पंडित लोक जुन्या रीतीने कांदा-लसूण वापरीत नाहीत, पण मटण खातात. ते हिंग, बडीशेप आणि सुंठ यांवर शिजवतात. तेव्हा कांदा नाही म्हणजे सोवळे, हे समीकरण काही खरे नाही. पुरीच्या जगन्नाथाच्या मुदपाकखान्यात कांदा-लसूण तर नाहीच, बटाटा आणि टोमॅटोही नाही. मातीच्या हंड्या एकावर एक रचून लाकडाच्या जाळावर वाफेने अन्न शिजवतात, आणि तो महाप्रसाद आनंदबाजारात जातपात न विचारता एकत्र बसून खाण्याची रीत आहे. मला वाटते, आपल्या पंगतीला नमुना घ्यावयाचा तर तो तिथून घ्यावा.

दुसरी गोष्ट थोडी कडू आहे. बंगालात उच्च जातींच्या विधवांना मासे-मटणाबरोबर कांदा, लसूण आणि मसुराची डाळदेखील बंद असे. त्या बायकांनी भाजीच्या सालींपासून आणि देठांपासून इतके रुचकर पदार्थ केले की आजही लोक वाखाणतात. वाखाणणी खरी, पण नेम त्यांनी आपखुशीने घेतला नव्हता. आपल्याकडेही नेम घरातल्या वडीलधाऱ्यांचा आणि कष्ट सुनेचे, असे पुष्कळ घरी चालते. सासऱ्यांना बिनकांद्याचे, मुलांना कांद्याचे, दोन वेळा दोन-दोन भाज्या. चार महिने सून स्वयंपाकघराबाहेर पडत नाही. नेम जरूर पाळावा. पण ज्याने तो घेतला त्याने निदान भाजी तरी निवडून द्यावी. (इथे हसू नका, पुरुष मंडळी बाहेर बसली आहेत, त्यांना ऐकू जाऊ द्या.)

आता मुख्य मुद्दा, म्हणजे चव. कांदा नसला की चव नाही, असे आपण म्हणतो. कांदा रश्श्यात करतो काय, हे एकदा पाहिले की वाट सापडते. तो तीन कामे करतो. रस्सा दाट करतो, परतला की थोडा गोडवा देतो, आणि वास देतो. एकच वस्तू तिन्ही कामे करते म्हणून आपल्याला सोयीची पडते. ती काढली तर तिन्ही कामांना वेगवेगळे गडी लावावे लागतात. नुसता हिंग जास्त टाकून भागत नाही.

दाटपणासाठी चार-पाच माणसांना दोन चमचे तीळ, दोन चमचे शेंगदाणे आणि तीन चमचे किसलेले सुके खोबरे घ्यावे. तिन्ही वेगवेगळी भाजावी. एकत्र भाजली तर तीळ करपतात आणि दाणे कच्चे राहतात. पाणी घालून बारीक वाटावी आणि फोडणीत मंद जाळावर तेल सुटेपर्यंत परतावी. घाईने पाणी ओतले की वाटण कच्चट लागते, आणि दोष मग कांद्याच्या नसण्याला दिला जातो. गोडव्यासाठी मी लाल भोपळ्याची एक फोड शिजवून त्यातच घोटते. तिने रंगही येतो. भोपळा नसला तर गुळाचा लहान खडा.

वासाचे काम हिंगाचे. हिंग हा एका झाडाच्या मुळातून पाझरणारा चीक. तो अफगाणिस्तान, इराणकडून येतो. कांदा-लसणात जसे गंधकाचे अंश असतात तसे त्यातही असतात, म्हणून तो त्यांची उणीव भरून काढतो. आपल्या देशात त्याची लागवड व्हावी म्हणून पालमपूरच्या सरकारी संशोधन संस्थेने १५ ऑक्टोबर २०२० रोजी हिमाचलातल्या लाहौल भागात क्वारिंग गावी पहिले रोप लावले. रोपाला चीक यायला पाचेक वर्षे लागतात. दुकानात आपण घेतो तो बहुतेक बांधणीचा हिंग असतो. त्यात डिंक आणि पीठ, पुष्कळदा गव्हाचे, मिसळलेले असते. ज्यांना गहू सोसत नाही त्यांनी डबीवरचे बारीक अक्षर वाचावे. आणि हिंग कधीही धुरावलेल्या तेलात टाकू नये. मोहरी तडतडली, जिरे फुलले, की जाळ कमी करून चिमूटभर हिंग, लगेच कढीपत्ता. कच्चा हिंग उग्र आणि जळका हिंग कडू. मधल्या दोन-चार क्षणांतच त्याची खरी गंमत आहे.

गोड्या मसाल्यात मुळातच कांदा-लसूण नसतो. धने, तीळ, सुके खोबरे, जिरे, दगडफूल, नागकेशर, लवंग, दालचिनी, तमालपत्र. चिंच, गूळ आणि हा मसाला घातलेली तुरीची आमटी किंवा चण्याची डाळ आणि दाणे घातलेले अळूचे फतफते, ही तर लग्नाकार्याची मानाची पाने. त्यांत कांदा नाही याची कोणाला आठवणसुद्धा होत नाही.

आता आपल्या सायवनकडच्या रानाकडे वळते. इथे मी जे शिकले ते पुस्तकातून नव्हे, पाड्यावरच्या वारली बायांकडून. पहिला पाऊस पडला की शेवळे येतात, ती पुरती महिनाभरही टिकत नाहीत. ती घशाला खाजतात, म्हणून काकडांच्या आंबट फळांबरोबरच शिजवावयाची. वरची साले काढावी, आतला खालचा पिवळा भाग टाकून द्यावा, बारीक चिरून तेलावर चांगली परतावी आणि मग काकडांचा रस घालावा. काकडे मिळाली नाहीत तर चिंचेचा घट्ट कोळ. कोणी त्यात कोलंबी घालतात, कोणी वाल. वाल घातलेली भाजी बिनकांद्याची अप्रतिम होते. टाकळा कोवळा असेपर्यंतच खुडावा. त्याला लसणाची फोडणी देण्याची रीत आहे, पण हिंग, सुकी मिरची, भिजवलेली मूगडाळ आणि वरून ओले खोबरे घालून पाहा. बांबूचे कोवळे कोंब, म्हणजे आपले वास्ते, चिरून पाण्यात ठेवावे, दोन-तीनदा पाणी बदलावे, मग उकडून ते पाणी टाकावे. कडूपणा जातो आणि अपायही टळतो. कर्टोलीला तर मीठ, मिरची, जिरे एवढेच पुरे. तिला कांदा घालणे म्हणजे तिची स्वतःची चव झाकणे. तेल जपून वापरावे लागे त्या दिवसांत या बाया मीठ, मिरची आणि काहीतरी आंबट एवढ्यावर भाजी रांधीत, आणि तिच्याबरोबर नागलीची भाकर. आपल्यापैकी काही जणींना वाटते की बिनकांद्याचा स्वयंपाक आपण त्यांना शिकवावा. माझा अनुभव उलटा आहे.

एक इशारा देते. चातुर्मासात पुष्कळ बाया कांद्याबरोबर एक वेळचे जेवणही सोडतात, आणि दुसऱ्या वेळी चहा-साबुदाण्यावर भागवतात. कांदा सोडल्याने अशक्तपणा येत नाही. डाळ सोडल्याने येतो. आपल्या भागात अंगावर रक्त कमी असलेल्या किती मुली-बाया आहेत, ते आरोग्य केंद्रातल्या बाई सांगतीलच. पाल्याच्या भाजीतले आणि डाळीतले लोह अंगी लागावयाला आंबटाची जोड लागते, आणि त्यातही लिंबू किंवा आवळा चांगला. लिंबू शिजवताना घालू नये, उष्णतेने त्याचा गुण कमी होतो. पानात वाढल्यावर पिळावे.

तर यंदाच्या पंगतीचा बेत मी असा सुचवते. पन्नास पाने धरली तर आमटीला दोन किलो तूरडाळ, पाव किलो चिंच, तेवढाच गूळ. कर्टोलीची भाजी, लाल भोपळ्याची तिळाच्या वाटणातली रस्साभाजी, भात, नागलीची भाकर आणि लिंबाची फोड. श्रावणात शेवळे सरलेली असतात, म्हणून ती नाहीत. पालेभाजी मुद्दाम घेतली नाही, आणि आल्याऐवजी सुंठ, म्हणजे कासा-डहाणूकडून येणाऱ्या आपल्या जैन भगिनींना प्रत्येक पदार्थ घेता येईल. पंगत दुपारी बाराला बसवावी. कर्टोली निवडण्याचे काम पाड्यावरच्या बायांनी पत्करले आहे. भाकऱ्या मात्र सगळ्यांनी मिळून थापायच्या. वाढायला आणि बसायला चिठ्ठ्या टाकाव्या; ज्या क्रमाने नावे निघतील त्या क्रमाने बसावे. मोठे पितळी पातेले मी घरून आणते. नुकतीच कल्हई लावून घेतली आहे, तेव्हा चिंचेची काळजी नाही. त्याचा एक कान मात्र निखळला आहे, तेव्हा उतरवताना दोघीजणी जाड फडकी घेऊन तयार राहा.