आज्ञाधारक मूल आणि सुरक्षित मूल

(तालुक्याच्या गावी भरलेल्या पालक-शिक्षक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी आल्याबरोबर मुख्याध्यापकांनी मला शाळेचे नवे फाटक, कुंपणाची भिंत आणि कॅमेरे दाखवले. हे सारे लोकवर्गणीतून उभे राहिले असे कळले. कष्टकरी माणसांनी घामाच्या पैशातून शाळेला भिंत बांधून द्यावी, ही लहान गोष्ट नव्हे. तरीही या भिंतीविषयी माझ्या मनात एक शंका आहे. भिंत बाहेरच्याला अडवते, आणि मुलाला इजा करणारा माणूस बहुधा बाहेरचा नसतो.

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलून २००७ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. महाराष्ट्र आणि गोवा या दोन्ही राज्यांचा त्यात समावेश होता. आपण कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसला, असे त्यातील ५३ टक्के मुलांनी सांगितले. त्यांत मुलग्यांचे प्रमाण मुलींहून कमी नव्हते, किंचित अधिकच होते. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे लोक मुलांच्या ओळखीचे, विश्वासातले होते. पोलिसांकडे नोंदल्या जाणाऱ्या बालबलात्काराच्या गुन्ह्यांत तर नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी परिचित असतात. आणि मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट ही, की त्या अहवालातील बहुसंख्य मुलांनी घडलेला प्रकार कोणालाही सांगितला नव्हता.

मुले का सांगत नाहीत? त्याचे उत्तर आपल्या संस्कारांत शोधावे लागेल. ‘मोठ्यांना उलट बोलू नये’, ‘काका बोलावतात तर जा’, ‘गुरुजी सांगतील तसे वाग’. चांगल्या मुलाची आपली व्याख्या ही एवढीच आहे. ज्या मुलाला ‘नाही’ म्हणण्याची कधी मुभाच मिळाली नाही, त्याने आयुष्यातल्या सर्वांत अवघड क्षणी, अधिकाराने आणि वयाने मोठ्या असलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणावे, ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करतो? शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने मुलाला मारणे आणि त्याचा मानसिक छळ करणे याला बंदी केली आहे. तो कायदा २०१० पासून अमलात आहे. पण ‘सर, याला चांगला चोपा’ असे सांगणारे पालक मी आजही पाहतो. छडी खाणारे मूल एकच धडा शिकते, की मोठा माणूस शरीराला हात लावील तेव्हा सोसायचे आणि गप्प बसायचे.

मी इतरांना दोष देत आहे असे समजू नका. मी शिक्षक असताना पाचवीतली एक मुलगी शाळा सुटल्यावरही वर्गातच बसून राहायची. पुस्तक उघडून बसे. मी तिच्या अभ्यासूपणाचे भर वर्गात कौतुक केले, एवढेच नव्हे तर तिच्या वडिलांनाही ते कळवले. दुपारच्या वेळी घरी एक नातेवाईक असे आणि मुलगी त्याला भीत होती, हे दोन वर्षांनी तिच्या आईकडून मला समजले. पुस्तकाचे पान उलटले जात नव्हते, हे मी पाहिले होते. पाहिले होते, पण विचारले नव्हते.

आता बदलापूरकडे वळतो. ऑगस्ट २०२४ मध्ये तेथील एका शाळेत बालवाडीतल्या दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीला आले. आरोपी शाळेचाच कंत्राटी सफाई कामगार होता. फिर्याद नोंदवून घेतली जावी म्हणून पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावे लागले. लोक रुळांवर उतरले. घटना न कळवल्याबद्दल शाळेच्या चालकांवरही गुन्हा दाखल झाला. सप्टेंबरमध्ये, खटला उभा राहण्याच्या आधीच, आरोपी पोलिसांच्या गोळीने मरण पावला आणि काही ठिकाणी पेढे वाटले गेले. ज्यांनी पेढे वाटले त्यांचा संताप मी समजू शकतो. पण न्यायालयात जे प्रश्न विचारले गेले असते, त्यांतले कितीतरी त्या गोळीबरोबर विरले. या माणसाला कोणी नेमले, त्याची चौकशी कोणी केली, लहान मुलींना स्वच्छतागृहात नेण्यासाठी बाई का नव्हती?

यातला शेवटचा प्रश्न पैशाचा आहे, आणि म्हणून राजकारणाचाही आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने खासगी अनुदानित शाळांतील शिपायांसारखी पदे जसजशी रिकामी होतील तसतशी रद्द करून त्यांच्या जागी ठोक भत्ता देण्याचे ठरवले. वर्षानुवर्षे शाळेत राहणारी, प्रत्येक पोराला नावाने ओळखणारी शिपाईबाई किंवा मावशी ही सुरक्षेची सर्वांत जुनी व्यवस्था होती. ती मोडली, आणि बदलापूरनंतर महिन्याच्या आत कॅमेरे बसवा असा आदेश निघाला. कॅमेरा झालेले दाखवतो. तो मुलाचा हात धरत नाही.

कायदा आपल्याकडे आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्या कोणाही व्यक्तीने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ‘शाळेची अब्रू जाईल’ म्हणून प्रकरण दाबणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलाचा जबाब त्याच्या घरी, पोलिसी गणवेशाशिवाय, शक्यतो स्त्री अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. त्याचे नाव छापता येत नाही. पालकांनी एवढे जरी पाठ केले तरी ठाण्यात त्यांना कोणी सहज परतवू शकणार नाही.

‘मुलांवर लक्ष ठेवा’ हा उपदेश मात्र मी करणार नाही. तो फुरसत असलेल्या आईसाठी आहे. या तालुक्यातील कितीतरी आईबाप दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात, ते उन्हाळा लागल्यावर परततात. मागे थकलेली आजी आणि वयात येणारी नात. पोरीची काळजी म्हणून मग तिचे लग्नच उरकून टाकले जाते, आणि एका इजेतून सोडवण्यासाठी दुसरी इजा तिच्या पदरी येते. येथे हंगामी वसतिगृह हवे, त्यात स्त्री अधीक्षक हवी, आणि टोळ्या निघण्याच्या आधी हवी. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊणशे टक्के सभासद पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे कायदाच सांगतो. मग समितीच्या इतिवृत्तात रंगकाम आणि स्नेहसंमेलनच का दिसते? कोणत्या मुली नोव्हेंबरपासून पटावर आहेत पण वर्गात नाहीत, याची चर्चा तेथे का होऊ नये?

आणि ही शिकवण केवळ मुलींना नको. मुलग्यांना समज देण्याची गरज बदलापूर प्रकरणात उच्च न्यायालयानेही बोलून दाखवली. मुलग्याला सोसावे लागते तेव्हा तर आपण त्याचे रडणेही थट्टेवारी नेतो.

एक साधे काम आजच होण्यासारखे आहे. संकटातील मुलांसाठी १०९८ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक आहे. त्याची सुरुवात १९९६ साली मुंबईत झाली. आपल्या शाळेत तो मला मुख्याध्यापकांच्या खोलीत, कपाटाच्या वर, मोठ्या माणसालाही मान उंचावून वाचावा लागेल अशा जागी दिसला. तो तेथून काढून पहिलीच्या मुलाच्या डोळ्यांसमोर येईल इतक्या उंचीवर, पाण्याच्या टाकीजवळच्या भिंतीवर रंगवावा, असे मी सुचवले आहे. मुख्याध्यापकांनी ते मान्य केले आहे. रंगाचा डबा आणायला कोणी जाणार असेल, तर दुकान सातला बंद होते.