नायक कोण, खलनायक कोण?

कादंबरीचा नायक म्हणजे सद्गुणांचा पुतळा, हा आपला जुना समज. खरं तर ज्याच्या इच्छेनं कथानक पुढं सरकतं तो नायक आणि त्या इच्छेच्या आड येतो तो प्रतिनायक. श्री. ना. पेंडसे यांच्या ‘गारंबीचा बापू’मध्ये हे सरळ दिसतं: एकीकडे बापू, दुसरीकडे अण्णा खोत.

वि. स. खांडेकरांची 1959 सालची ‘ययाति’ मात्र वाचकाला पेचात टाकते. राजा ययाती, त्याची राणी देवयानी आणि त्याची प्रेयसी शर्मिष्ठा, तिघंही आपापली बाजू स्वतः सांगतात. ययातीचं ऐकताना देवयानी मानी, कठोर वाटते. तिचं ऐकलं की तिचा अपमान आपल्यालाही झोंबतो. मग खलनायक कोण? ययातीला म्हातारपणाचा शाप देणारे देवयानीचे वडील शुक्राचार्य? मला नाही तसं वाटत. पोटच्या पोराकडं, पुरूकडं, तारुण्य मागणाऱ्या ययातीच्या वाटेत उभी आहे ती त्याचीच वासना. इथं नायक आणि प्रतिनायक एकाच देहात नांदतात.

भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’त तर खलनायक शोधूनही सापडत नाही.

तेव्हा पुढची कादंबरी हाती घ्याल, तेव्हा चांगला कोण हे बाजूला ठेवा. कुणाला काय हवंय आणि त्याला अडवतंय कोण, एवढं पाहा.