कागदापासून पडद्यापर्यंत : माध्यमिक शाळेतील संगणकीय सचेतनपट

(ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरातील माध्यमिक शिक्षक, शिक्षण विभागाचे अधिकारी आणि पंचायत सदस्य यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



कल्याण हे रेल्वेचे मोठे जंक्शन म्हणून सर्वांना परिचित आहे. हलत्या चित्रांच्या इतिहासातही या शहराला स्थान आहे, ही गोष्ट मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. लुमिएर बंधूंच्या चित्रफिती मुंबईतील वॉटसन हॉटेलमध्ये ७ जुलै १८९६ रोजी दाखविण्यात आल्या. त्याच्या चार वर्षे आधी, १८९२ च्या सुमारास, कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन हे 'शांबरिक खरोलिका' या नावाने पडद्यावर चित्रांचे प्रयोग करू लागले होते. खरोलिका म्हणजे दिवा. शंबर हा पुराणातील मायावी असुर. त्यावरून हे भारदस्त नाव आले. साध्या भाषेत तो जादूचा कंदील होता. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगविलेली रामायण-महाभारतातील दृश्ये कंदिलापुढे सरकवून ती पडद्यावर मोठी करून दाखवीत आणि सोबत निवेदन व संगीत असे. पुढे पटवर्धनांच्या मुलांनीही हे प्रयोग चालविले. ही चित्रे परदेशातून तयार आणलेली नव्हती. कथा निवडणे, काच रंगविणे, पट्टी केव्हा व किती वेगाने सरकवावी हे ठरविणे, ही सारी कामे घरातच होत असत.

ही आठवण आज काढण्याचे कारण असे की, सचेतनपट, म्हणजेच सर्वत्र रूढ झालेल्या शब्दात ॲनिमेशन, हा विषय आता शाळेच्या दाराशी येऊन ठेपला आहे. महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये या क्षेत्रासाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले. २०२६-२७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात देशातील १५,००० माध्यमिक शाळा आणि ५०० महाविद्यालये यांत त्यासाठी प्रयोगशाळा उभारण्याचा प्रस्ताव मांडण्यात आला असून त्याचे काम मुंबईच्या भारतीय सर्जनशील तंत्रज्ञान संस्थेच्या साहाय्याने व्हावयाचे आहे. यांपैकी काही खोल्या ठाणे जिल्ह्यातही उघडतील. त्या खोल्यांत मुले काय करणार, हा प्रश्न यंत्रे येण्यापूर्वी विचारला गेला पाहिजे.

यापूर्वीचा अनुभव विसरण्याजोगा नाही. १९८४-८५ मध्ये केंद्र शासनाने 'क्लास' या नावाचा प्रकल्प हाती घेऊन देशातील सुमारे २५० शाळांना बीबीसी मायक्रो हे संगणक दिले. तेव्हापासून आजपर्यंत संगणकाच्या अनेक पिढ्या आल्या आणि गेल्या. पण संगणक आला म्हणजे शिक्षण आले, ही समजूत काही गेलेली नाही. कुलूपबंद खोली, यंत्रांवर घातलेली कापडी खोळ, किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात, हे दृश्य येथे बसलेल्या अनेकांनी पाहिलेले असेल. जेथे खोली उघडी असते तेथेही पुष्कळदा कोणते बटण दाबले असता काय होते, एवढेच शिकविले जाते. दोन वर्षांत बटणे बदलतात आणि शिकलेले वाया जाते. सचेतनपटाचे शिक्षण याच वाटेने गेले, तर स्थानकाबाहेरील फलकांवर नोकरीची हमी देणाऱ्या शिकवण्या आणि शाळा यांत फरक उरणार नाही. उलट शिकवणीची फी ज्यांना परवडत नाही त्या मुलांच्या वाट्याला तीच गोष्ट निकृष्ट स्वरूपात येईल.

याला पर्याय प्रकल्पाचा आहे. प्रकल्प म्हणजे वर्षअखेरीस रंगीत पुठ्ठ्यात बांधून सादर करावयाची फाइल नव्हे, तर संपूर्ण वर्गाने मिळून पूर्ण करावयाचे एक काम. त्याचे स्वरूप उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, कल्याणमधील एखाद्या शाळेचा नववीचा वर्ग आहे. पट ४० आहे. वर्गाने २० सेकंदांचा सचेतनपट करावयाचे ठरविले. विषय, मुंबईकडून आलेली गाडी कल्याण स्थानकात थांबते आणि पुढे कसाऱ्याच्या किंवा कर्जतच्या मार्गाला लागते. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी असतात. सचेतनपटात पुष्कळदा एकच चित्र दोन चौकटी टिकवितात, त्यामुळे सेकंदाला १२ चित्रे पुरतात. वीस सेकंदांना २४० चित्रे झाली. चाळीस मुलांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला सहा आली. हा हिशेब मुलांनी स्वतः फळ्यावर केला पाहिजे, कारण पुढचे सारे नियोजन त्यावर उभे असते. प्रथम कथा ठरवावी, मग चौकोन आखून कथेतील मुख्य टप्प्यांची रेखाटने भिंतीवर ओळीने लावावीत आणि त्यानंतर चित्रांची वाटणी करावी. कोणी एक जण आजारी पडला तर सहा चित्रे अडतात आणि गाडी मध्येच उडी मारते. परस्परावलंबन म्हणजे काय ते वर्गाला त्या दिवशी कळते.

यासाठी आरंभी संगणक लागतच नाही. कागद एकमेकांवर नेमके बसावेत म्हणून कार्यालयातील भोके पाडण्याचे यंत्र आणि दोन खुंट्या पुरतात. खालचे चित्र वरच्या कागदातून दिसावे म्हणून खिडकीची काच उपयोगी पडते. चित्रे तयार झाली की एक मोबाइल स्टुलावर घट्ट बसवून एकेकाचे छायाचित्र घ्यावे. वहीच्या कोपऱ्यात चित्रे काढून पाने भरभर उलटण्याचा खेळ मुले शिक्षकांच्या नकळत खेळत आली आहेत. तोच येथे राजरोसपणे खेळावयाचा आहे.

खरे शिक्षण सुरू होते ते पहिला प्रयत्न फसल्यावर. गाडी थांबवावयाची आहे. शेवटच्या सहा चित्रांत ती कागदावर ३६ मिलिमीटर पुढे न्यावयाची आहे. मुले स्वाभाविकपणे प्रत्येक वेळी ६ मिलिमीटर सरकवितात. पडद्यावर पाहिले तर गाडी थांबत नाही; भिंतीवर आदळल्यासारखी गचकन अडते. वर्ग हसतो. मग शिक्षकाने विचारावे की, रोज फलाटावर उभे असताना काय दिसते? गाडी हळूहळू मंदावते. म्हणजे दर चित्रागणिक अंतर कमी होत गेले पाहिजे. मग ११, ९, ७, ५, ३ आणि १ अशी अंतरे घेऊन पाहावीत. बेरीज तीच, ३६. आता गाडी गाडीसारखी थांबते. विषम संख्यांची ही ओळ आकाशातून पडलेली नाही. एकसमान त्वरण असलेल्या वस्तूने समान कालावधीत कापलेली अंतरे १ : ३ : ५ : ७ या प्रमाणात असतात, हे गॅलिलिओने दाखविले, मंदावताना तीच ओळ उलटी वाचावयाची. नववीच्या विज्ञानात गतीचे नियम आणि त्यांची समीकरणे आहेतच. परीक्षेपुरते पाठ केलेले ते समीकरण येथे गाडी नीट थांबविण्यासाठी लागते.

यानंतर संगणकाकडे जावे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेले 'स्क्रॅच' विनामूल्य आहे आणि शाळेतील जुन्या यंत्रांवरही त्याची एखादी आवृत्ती बहुधा चालते. त्याचा रंगमंच ४८० एकक रुंद आणि ३६० एकक उंच असतो. आरंभबिंदू मध्यभागी, डावीकडे क्ष उणे २४०, उजवीकडे अधिक २४०. भूमितीच्या पुस्तकातील निर्देशकांचा धडा तो हाच. गाडीला एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत 'सरक' अशी आज्ञा दिली की संगणक मधली सारी चित्रे क्षणात भरतो. पण भरतो ती समान अंतराने! म्हणजे कागदावर मुलांनी केलेली पहिली चूक यंत्र निमूटपणे पुन्हा करून दाखविते. ज्याने हाताने चित्रे काढली आहेत तो मुलगा ती चूक लगेच ओळखतो आणि आज्ञा बदलतो. प्रत्येक फेरीला अंतर दोनने घटवीत जातो. ज्याने थेट संगणकापासून आरंभ केला, त्याला गाडी हलली यातच समाधान वाटते. कागद आधी व यंत्र नंतर, हा क्रम का राखावयाचा त्याचे उत्तर यात आहे. यंत्रांच्या टंचाईमुळे स्वीकारावी लागलेली ती तडजोड नव्हे, आणि पुढे प्रत्येक मुलापुढे एकेक संगणक आला तरी हा क्रम सोडू नये.

विषयांची वाण पडण्याचे कारण नाही. दादासाहेब फाळके यांनी चित्रपट काढण्यापूर्वी, १९१२ च्या सुमारास, कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची थोड्या थोड्या वेळाने छायाचित्रे घेऊन अंकुराची वाढ पडद्यावर दाखविली आणि त्या बळावर भांडवल उभे केले. आज हे काम कोणत्याही शाळेला शक्य आहे. भिजविलेल्या मटकीसमोर मोबाइल ठेवून दर दहा मिनिटांनी एक छायाचित्र घेतले, तर चोवीस तासांत १४४ होतात. पडद्यावर ती बारा सेकंदांत संपतात आणि मोड डोळ्यांदेखत बाहेर येतो. दिवा मात्र रात्रभर एकाच जागी असावा, नाही तर चित्र लुकलुकते. शहापूर, मुरबाडकडे वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो. तेथे बॅटरीवरचा दिवा घ्यावा.

याच भागातील आश्रमशाळांत वारली, ठाकूर, कातकरी समाजाची मुले शिकतात. वारली चित्रातील माणूस दोन त्रिकोणांचा असतो. कमरेशी ते टोकाला टोक लावून जोडलेले, आणि हातपाय म्हणजे रेघा. थोडक्यात हालचाल कशी दाखवावी हे ज्यांना शिकावयाचे आहे त्यांच्यासाठी याहून सोयीची आकृती शोधूनही सापडणार नाही. पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातील, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात असलेल्या गंजाड गावचे जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला जगापुढे नेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. मात्र शहरी शाळांनी वारली आकृती केवळ शोभेसाठी उचलू नये. ज्या घरांत ती चित्रे काढली जातात त्या घरचे मूल वर्गात असेल, तर तारप्याच्या नाचात पाऊल कसे पडते हे त्यालाच विचारावे. संवादांच्या बाबतीतही तेच. आगरी किंवा कातकरी बोली बोलणाऱ्या मुलाने पात्राला आवाज स्वतःच्या बोलीतच द्यावा. प्रमाणभाषेचा तास वेगळा असतोच.

अडचणी पुष्कळ आहेत आणि त्या लपविण्यात अर्थ नाही. आठवड्याला एक तासिका मिळते. यंत्रे सुरू होईपर्यंत तिच्यातील दहा मिनिटे जातात. दोन तासिका जोडून द्याव्यात, हा मुख्याध्यापकांच्या हातचा उपाय आहे. गटात काम दिले की माउस एकाच्या हाती राहतो, बाकीचे पाहत बसतात, आणि तो एक बहुधा मुलगाच असतो. दर दहा मिनिटांनी हात बदलावेत आणि कोणी कोणती चित्रे केली त्याची नोंद चित्राच्या मागे नावासह ठेवावी. गुण देतानाही ही नोंद कामी येते. तयार चित्रे आणि चित्रपटातील गाणी उतरवून घेण्याचा मोह मोठा असतो. तो पहिल्या दिवशीच मोडला नाही तर सचेतनपट चकचकीत दिसतो आणि वर्गाने काहीच केलेले नसते. पालकांचा प्रश्न ठरलेला असतो, दहावीच्या गुणांत याचा उपयोग काय? त्यांना गाडी थांबविण्याचा तो हिशेब दाखवावा.

महागड्या सॉफ्टवेअरचा आग्रह खरेदी समित्यांनी धरू नये. 'फ्लो' हा लॅटव्हियातील पूर्ण लांबीचा सचेतनपट 'ब्लेंडर' या विनामूल्य साधनावर तयार झाला आणि २०२५ मध्ये त्याला ऑस्कर मिळाले. मुंबईच्या आयआयटीने 'स्पोकन ट्युटोरियल' या प्रकल्पात अशा मुक्त साधनांचे ध्वनिचित्र-पाठ मोफत उपलब्ध केले असून हा प्रकल्प मराठीसह अनेक भारतीय भाषांत चालतो. वाचविलेला पैसा शिक्षकांच्या प्रशिक्षणावर खर्च व्हावा. हे प्रशिक्षणही व्याख्यानांचे नसावे. चित्रकलेच्या, विज्ञानाच्या आणि गणिताच्या शिक्षकांनी एकत्र बसून दहा सेकंदांचा सचेतनपट स्वतः करून पाहावा. एकट्या संगणक शिक्षकावर हे काम सोपविले तर ते निश्चितपणे बुडेल. अनेक शाळांत तो कंत्राटी असतो आणि वर्षाच्या मध्येच बदलतो.

पंचायत सदस्यांनी येथे काय करावे, असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. त्यांच्याकडे विषय आहेत. ओला-सुका कचरा, विहिरीचे पाणी, साप चावल्यावर प्रथम काय करावे, शिवारातला बांध पावसात का फुटतो, यांपैकी एक विषय ग्रामपंचायतीने शाळेला लेखी द्यावा आणि तयार झालेला अर्ध्या मिनिटाचा सचेतनपट ग्रामसभेत भिंतीवर दाखवावा. जेथे आपले चित्र गावासमोर दाखविले जाणार आहे तेथे मुले सर्पदंशाची माहिती प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांकडून तपासून घेतल्यावाचून राहत नाहीत. सचेतनपट दाखवून झाल्यावर मूळ कागदी चित्रे रद्दीत जाऊ देऊ नयेत. ती क्रमाने दोऱ्यात ओवून, वर तुकडी आणि वर्ष लिहून, शाळेच्या कपाटात ठेवावीत. पुढच्या वर्षीच्या नववीने आपला पहिला तास ती पाने उलटून पाहण्यात घालवावा.